चेहरा कशाला?

"चेहरा कशाला, काका?" सुकलाल दारातूनच म्हणाला. "जाळायलाच तर न्यायचाय. प्रेत सापडलं नाही तर गवताचा पुतळा करतात, तेवढा पुरतो."

सुपडू मेण घोटत राहिला. "लोकांना दाखवायला राजे-राण्या घडवल्या. पोटच्या पोराला गवताचं तोंड लावू?"

भाऊबंदांचा निरोप पुतण्यानंच आणला होता. अडुसष्टच्या पुराला पाच वर्षं झाली. आता पोपटला अग्नी द्यायचा, दहावं घालायचं आणि मोकळं व्हायचं.

मोकळं होणार होतं ते पोपटच्या बायकोचं, पुष्पाबाईचं कपाळ.

पुराआधी घर आणि पुतळ्यांचं दालन तापीकाठी एकाच छपराखाली होतं. बापाला आणि बायकोला नावेत बसवून पोपट पुतळे काढायला मागं फिरला. त्याच्यासकट छप्परच वाहून गेलं. पुढं सासरा-सुनेनं डुमसच्या समुद्रकाठी पत्र्याची खोली घेऊन नव्यानं सुरुवात केली. तो घडवायचा; ती राण्यांना पातळं नेसवायची, दारात तिकिटं फाडायची.

सुकलाल गेल्यावर ती जवळ आली.

"बापू, डावी भुवई जरा वर घ्या."

"तू तर म्हणतेस, तो जिवंत आहे."

"आहेतच."

"मग भुवई कशाला सांगतेस?"

"भलत्यालाच जाळलं तर पाप नाही का लागणार?"

सुपडूला हसू आलं. मग त्यानं मेणाची भुवई वर घेतली.

दहन सोमवारी ठरलं. रविवारी मेण थंड होईपर्यंत पोपट गवताच्या अंगावर सदरा घालून राजांच्या रांगेत उभा होता.

दुपारी चलथाणच्या साखर कारखान्याची ऊसतोड्यांची टोळी आली. हंगाम संपला होता, सगळे दर्या बघायला निघाले होते. राजाच्या मिशा बघून खिदळत होते. पुष्पाबाई तिकिटं फाडत होती; उद्यापासून कुंकू नाही, म्हणून आज तिनं ते ठसठशीत लावलं होतं.

टोळीचा मुकादम भटू शेवटच्या पुतळ्यापाशी थबकला.

"हात लावू नका हो," पुष्पाबाई ओरडली.

पण मुकादमानं पुतळ्याच्या पाठीत धपाटा घातलाच.

"पोपट! तू आठे कसा रे? सकाळी चल म्हटलं, तर 'बाप अन् बायको नावेसकट बुडाले, मला कसला दर्या' म्हणत खोपीत बसून राहिलास, आणि आमच्या आधी इथं येऊन उभा?"