दोघांच्या मापाची रायफल

"दोघांची सरासरी काढा," नकुल म्हणाला, आणि प्रीताची कानशिलं तापली.

डेलने नुकतीच दोघांच्या हातांची मापं घेतली होती. कोपर वाकवायचं आणि कोपराच्या खोबणीपासून ट्रिगरच्या बोटापर्यंत टेप लावायची. रायफलीचा दस्ता, म्हणजे खांद्याला टेकणारा मागचा भाग, साधारण तेवढा लांब हवा. नकुलचा हात लांब, प्रीताचा आखूड. डेलचं दुकान ते राहायचे त्या नोव्हाय गावापासून तासाभरावर होतं, मागे नेमबाजीची स्वतःची रेंज होती, आणि माणसाच्या अंगाबरहुकूम शिकारीच्या रायफली बनवून देणं हा त्याचा धंदा होता. त्याच्याकडे येऊन हा नवरोबा सरासरी मागत होता.

"नकुल, रायफल माझी आहे."

"तुझीच गं. पण घेतोच आहोत तर दोघांना चालेल अशी घेऊ ना. घरात दोन-दोन कशाला?"

घरात दोन-दोन कशाला! याच वाक्यापायी त्यांच्याकडे स्नोचं जॅकेट एकच होतं, मीडियम साइजचं. त्यात प्रीताचे हात हरवायचे आणि नकुलची चेन लागायची नाही. सायकलही एकच, तिच्यावरून दोघंही पडले होते. नकुल कार कंपनीत सीट डिझाइन करायचा, त्यामुळे जगातली समस्त माणसं एका मधल्या मापाच्या आसपास असतात यावर त्याची श्रद्धा होती. बंदूक त्याने जन्मात हातात धरली नव्हती. व्हिडिओ मात्र सगळे पाहिले होते.

"आणि वजनाला एकदम हलकी करा," तो डेलला सांगत होता, "ती दमते. काडतूस मोठं घ्या, मॅग्नम. उद्या मूससारखं मोठं जनावर मारायचं झालं तर?"

"कुणाला मारायचाय मूस?" प्रीताने विचारलं.

"ऑप्शन असावा यार."

प्रीता सरळ डेलकडे वळली. "हलकी रायफल जास्त दणका देते. मला जड चालेल. काडतूस छोटं. धक्का मला सोसवेल एवढाच हवा, बाकी काही नको."

डेलने समजूतदारपणे मान डोलावली आणि नकुलला विचारलं, "मग काय करू या, सर?"

प्रीताने दात आवळले. मग मराठीत, हळू आवाजात म्हणाली, "मी ही कशाला घेतेय, आठवतंय ना? गेल्या शिकारीच्या सीझनला ऑफिसातल्या माणसाची रायफल नेली होती. तिच्या धक्क्याची इतकी धास्ती बसली की ट्रिगर दाबायच्या आधीच माझे डोळे मिटले. गोळी हरणीच्या मागच्या पायात गेली. अंधार पडेपर्यंत रक्ताचे थेंब शोधत फिरले, सापडली नाही ती."

"अगं, झालं गेलं."

"तिचं नाही झालं गेलं. कुठेतरी झुडपात तडफडून मेली असेल, नकुल. मी डोळे मिटले म्हणून."

नकुल मागच्या रेंजकडे निघालाच. "म्हणूनच सांगतो, रिकॉइल वगैरे सगळं मनात असतं. थांब, दाखवतो."

डेलच्या ट्रायलच्या रायफलीचा दस्ता स्क्रूने लांब-आखूड व्हायचा. नकुलने तो बरोब्बर सरासरीवर आणला. नळी सगळ्यात हलकी, काडतूस सगळ्यात मोठं.

"सर, तुम्हाला हा आखूड पडतोय," डेल म्हणाला. "रायफलीवरची दुर्बीण डोळ्याच्या फार जवळ आलीय."

"इट्स फाइन."

डेलने खांदे उडवले आणि कानांवर आवाज अडवणारे मफ चढवले.

धडाम्! रायफल मागे उसळली. तिकडे टार्गेटच्या स्टँडचा एक पाय मोडला आणि ते नमस्काराला वाकल्यासारखं सावकाश आडवं झालं. इकडे दुर्बिणीची कड नकुलच्या भुवईवर बसली. कपाळावर अशी रेखीव लाल चंद्रकोर उमटली, की नऊवारी नेसवली असती तर मंगळागौरीला चालला असता.

"मॅनेजेबल आहे," तो म्हणाला. "फक्त पोझिशन जरा..." आणि खाली बसला.

डेल बर्फ घेऊन धावला. बर्फ कपाळाला लावून, तिथेच ओणवा होऊन त्याने विचारलं, "मग सर, लांबी हीच ठेवायची?"

"हीच," नकुल जमिनीवरून म्हणाला. "तिला होईल सवय."

"डेल!"

आवाज असा होता की डेल ताठ उभा राहिला.

"इकडे बघा. माझ्याशी बोला," प्रीता म्हणाली. "दस्ता माझ्या हाताएवढा. नळी जाड. काडतूस छोटं, मागे रबराची जाड गादी. खांदा माझा, शिकार माझी, ऑर्डर माझी. त्याला काही विचारायचंच असेल तर अजून बर्फ हवाय का, ते विचारा."

"येस, मॅम," डेल म्हणाला. दुकानात आल्यापासून पहिल्यांदाच.

त्याने कपाटातून दुसरी रायफल काढली, तिचा दस्ता प्रीताच्या मापाला आणला, नवं टार्गेट लावलं. प्रीताने गाल टेकवला. खांद्याला जुना मार आठवला आणि तो आपोआप आखडला. तिने अर्धा श्वास सोडला. पापण्या मिटायला बघत होत्या, तिने मिटू दिल्या नाहीत. ट्रिगर दाबला.

ओळखीच्या कुणी खांद्याने ढकलावं, तेवढाच धक्का. उघड्या डोळ्यांनी तिने कागदाच्या मधोमध भोक पडताना पाहिलं.

मागून टाळ्या वाजल्या. नकुल उठून उभा राहिला होता, बर्फाची पिशवी काखेत धरून.

"व्वा! ही फायनल!" तो ओरडला. "शनिवारी तू वापर, रविवारी मी."

प्रीता वळली नाही. तिने पुढची गोळी भरली.

डेलने नकुलचा दंड धरला आणि त्याला चांगला लांब, मागे नेऊन उभा केला.