उडवायचा तुकडा

न्यूज चॅनलची प्रोड्यूसर उद्या निवृत्त होणार, म्हणून एडिटर तिच्या जुन्या बातम्यांची फिल्म जोडत होता. ती शेजारी बसली होती. पडद्यावर तिची पहिली बातमी आली. पुराच्या पाण्यात उभी, घडाघडा बोलणारी पोरगी. पण बोलणं संपतं न संपतं तोच तिची नजर कॅमेऱ्यावरून बाजूला गेली आणि ती खुदकन हसली. तेव्हा अशी खरडपट्टी निघाली, की पुढे प्रोड्यूसर झाल्यावर तीही नवख्यांना कानीकपाळी ओरडून सांगायची, “कट म्हणेपर्यंत नजर हलवायची नाही!” एडिटर तिचाच चेला. “मॅडम, शेवटी नजर ढळलीय. उडवतो.” “थांब.” फ्रेमबाहेर तेव्हा बाबा उभे होते, तिच्या चपला छातीशी धरून. बाबांना जाऊन वर्षं लोटली होती. पडद्यावर ते दिसत नव्हते. दिसत होती त्यांच्याकडे बघणारी पोरगी. “तेवढंच ठेव,” ती म्हणाली, “बाकीचं उडव.”