नावाड्याचा पोरगा

"बाबा, हॉलमध्ये मात्र बोलू नका," शंतनु म्हणाला. "विद्यापीठाची माणसं आली आहेत."

"मी नाई बोललो तं तुह्या मायले सिनेमा कोन सांगीन?" उद्धवरावांनी विचारलं.

काचबिंदूनं शकुंतलाबाईंची नजर गेली, तेव्हापासून टीव्हीवरची मालिका असो की दारावरून जाणारी वरात, उद्धवराव सगळं त्यांच्या कानाशी सांगत. जन्म शाळेत मराठी शिकवण्यात गेला होता. सांगायची हौस दांडगी.

"मग अगदी हळू सांगा," शंतनु म्हणाला आणि घाईनं आत गेला.

त्याची घाई साहजिक होती. एडविन हॅलोवे या जुन्या अमेरिकन दिग्दर्शकाच्या सन्मानार्थ विद्यापीठानं त्याच्या चित्रपटांचा महोत्सव ठरवला, तेव्हा आयोजनात असलेल्या शंतनुनं भांडून त्याचा पहिला दिवस आपल्या चिखलीला आणला होता. तिकडे शंभर वर्षांपूर्वीचा मूकपट कोण बघणार, असं बैठकीत कुणीतरी हसत विचारलं होतं. 'माझ्या गावची माणसं बघतील,' असं तो बोलून बसला होता. आज फसलं, तर पुन्हा इकडे कुणी फिरकणार नव्हतं.

पण दुपारी कॉलेजचा हॉल भरला. पार उंद्री गावापासून माणसं आली होती. प्रकाश येऊ नये म्हणून खिडक्यांवर काळं कापड लावलं होतं. पहिल्या रांगेत विद्यापीठाच्या जयमाला मॅडम बसल्या होत्या आणि दुसऱ्या रांगेत उद्धवराव आणि शकुंतलाबाई. शंतनु माईकवर बोलू लागला, तशा शकुंतलाबाई नवऱ्याकडे झुकल्या.

"कसा दिसून राह्यला?"

"निया रंगाचा शर्ट घातला. ताठ उभा हाये. लोकं आयकून राह्यले त्याचं."

शकुंतलाबाईंनी पदर सारखा केला, जणू त्यांनाच मंचावर बोलावलं होतं.

सिनेमा सुरू झाला. आवाज असा काही नव्हताच. वरती पंखे घरघरत होते आणि कानाशी उद्धवराव कुजबुजत होते. "म्हातारा नावाडी हाये. लोकाईले नदीपार नेते. त्याचा पोरगा शिकून इंजिनिअर झाला. त्याच नदीवर पूल बांधून राह्यला."

"मंग बापाच्या नावेत कोन बसन?"

"थेच तं. पोराले बापाची लाज वाटते. साहेब लोकाईसमोर ओळख देत नाई."

"शुक्!" मागून कुणीतरी दटावलं. उद्धवरावांनी आवाज आणखी खाली घेतला. मधूनमधून पडद्यावर इंग्रजी पाटी येई. ती वाचून तिचं मराठी करायला ते थांबत, मग पुढचं सांगत. नदीला पूर आला. पुलावर साहेब उभे होते, पोरगा उभा होता, बाया-माणसं उभी होती.

आणि एकदम हॉलमध्ये गलका उठला. कुणी ओरडलं, कुणाची खुर्ची सरकली, कुणीतरी दाराकडे धावत गेलं.

"काय झालं हो?" शकुंतलाबाईंनी नवऱ्याचा हात धरला.

उद्धवरावांनी तो हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"पूल गेला," ते म्हणाले. "मधातूनच तुटला."

"अवं माय! अन् पोरगा?"

"पोरगा उरलेल्या खांबावर. खाली पानी. बाप काठावरून पाहून राह्यला."

"मंग? सांगा ना!"

ते सांगू लागले. आता आवाज कुजबुजीचा राहिला नव्हता. हळूहळू गलका निवला. शकुंतलाबाईंना वाटलं, पुन्हा कुणी दटावणार. तेवढ्यात मागून हाक आली, "गुरुजी, जरा मोठ्यानं सांगा. इकडं आयकू येत नाई."

शकुंतलाबाईंचा ऊर भरून आला. उद्धवराव उठून उभे राहिले. वर्गात बोलत तशा आवाजात त्यांनी नाव पाण्यात घातली, भोवऱ्यातून काढली, एकेक माणूस काठाला आणला. हॉलमध्ये उकडत होतं. बायका पदरानं वारा घेत होत्या, पण कुणी उठून गेलं नाही.

"नावाड्याची बायको काठावर उभी. फडक्यात भाकर बांधून आनली तिनं."

"अमेरिकेत भाकर?" शकुंतलाबाईंनी विचारलं. सगळा हॉल हसला.

"तिकडची भाकर," उद्धवराव म्हणाले, आणि पुढं निघाले.

कुणीतरी येऊन शकुंतलाबाईंच्या शेजारी बसलं. तळहात हातात आला तशी त्यांनी ओळखलं, शंतनु. हात घामानं चिंब होता.

"शेवटी खांबावर पोरगा एकटाच राह्यला," उद्धवराव सांगत होते. "बाप थकला. हात चालत नाई. तरी नाव खांबाला लावली. पोरगा नावेत उतरला. समोर साहेब लोकं उभे. सगळ्याईच्या देखत पोरगा म्हणते, 'बाबा, तुमी बसा. वल्हं मले द्या.'"

ते थांबले. "संपला सिनेमा."

टाळ्या सुरू झाल्या. मागच्या रांगांतून कुणी शिट्ट्याही मारल्या. शंतनुनं आईच्या खांद्यावर डोकं टेकलं होतं.

जयमाला मॅडम पुढच्या रांगेतून चाचपडत त्यांच्यापाशी आल्या. शकुंतलाबाईंनी त्यांचा हात दोन्ही हातांत घेतला.

"आवडला का तुमाले माह्या पोरानं आनलेला सिनेमा?"

"फार आवडला, आई," मॅडम म्हणाल्या. "आता लाइट आली, की पूल तुटतो का तेही पडद्यावर बघू."