डोंगऱ्याची खोड

"अक्का, ह्यो काय उचलायचा न्हाई," म्हणत टेम्पोवाल्या मुबारकनं चादरीचं टोक सोडलं. चादरीवर डोंगऱ्या पडला होता, ग्रेट डेनचं आणि गावठी कुत्रीचं वासराएवढं पोर. पोट ढोलासारखं फुगलेलं. "पोटाला पीळ पडलाय, लगेच घेऊन या, नाहीतर हाती लागणार नाही," डॉक्टरांनी फोनवर बजावलं होतं.

कुमुदनं त्याची वाटी वाजवली, पट्टा ओढला, शेवटी हात जोडले. त्यानं मानसुद्धा उचलली नाही. तिचा धीर सुटला. पाठ फिरवून, पदरात तोंड खुपसून ती हमसाहमशी रडायला लागली.

आणि तिच्या मांडीला ओळखीचा भार टेकला.

घरात कुणी रडलं, की डोंगऱ्या येऊन अंगावर रेलायचा. "मेल्या, पाडशील मला!" म्हणत तिनं त्याला कितीदा ढकललं होतं. आत्ताही तो लटपटत उठून रेलला होता.

रडणं थांबू न देता ती फळी लावलेल्या टेम्पोकडे पाऊलभर सरकली. तोही तेवढाच सरकला.

"रेल, मेल्या, रेल," पुढचं पाऊल टाकत ती म्हणाली. "पाडलंस तरी चालेल."