हळदीचा अंगठा

आनसामावशीनं चौदा वर्षांत लेकीचं एकही पत्र सोडवून घेतलं नाही, शपथेवर सांगतो.

दूर दिलेली लेक बिनतिकिटाचं पाकीट धाडायची; घ्यायचं तर दुप्पट पैसे मोजावे लागायचे. आत कोरा कागद. पाकिटाच्या कोपऱ्यावर बाहेरून हळदीचा अंगठा, म्हणजे मी खुशाल. तीनशे कोसांवरूनही हळद घमघमायची. मावशी पाकीट हुंगायची नि पोस्टमनवर डाफरायची, “दुप्पट पैसे? ने परत, मेल्या!”

“सरकार बुडवणार, मावशी तुम्ही!” तो हसायचा.

एके दिवशी पाकिटाला हळदीचा वास आला नाही. अंगठ्याच्या जागी तिकीट होतं.

“ने परत. पैसे नाहीत माझ्याकडं.”

“याचे पैसे भरलेत, मावशी.” पोस्टमन हसला नाही. “अक्षर जावयाचं आहे.”

मावशीनं कनवटीची गाठ सोडली. “दुप्पट घे, बाबा,” ती म्हणाली, “पण ने परत.”