दाराजवळचा जॅक

"आई, जरा चालून दाखव गं," मुलगा ट्रेलरखालून ओरडला.

आई ओट्यापासून पलंगापर्यंत गेली आणि परत आली. गाडीमागे जोडून न्यायचं ते चाकांवरचं घर तिच्याबरोबर डुललं. हुकांना टांगलेले कप एकमेकांवर आपटून किणकिणले.

"हलतंय ना?"

"हलतंय की," आई म्हणाली. तिला बरंच वाटलं, पण तिनं ते आवाजात येऊ दिलं नाही.

मुलगा आज चंग बांधूनच आला होता. ट्रेलर एका जागी उभा केला की तो डगमगू नये म्हणून चार कोपऱ्यांना चार जॅक असतात. हँडल फिरवून ते जमिनीला टेकवायचे, की घर गप्प उभं राहतं. त्यातले तीन शहाण्यासारखे वागत होते. दाराजवळचा चौथा मात्र मुलानं आवळून दिला की पुढच्या खेपेला पुन्हा सैल. जमीन मऊ असेल म्हणून त्यानं जॅकखाली फळी घातली. चाकांना पाचरी मारल्या. स्क्रू गंजला असेल म्हणून पाहिलं, तर गंजाचा पत्ता नाही.

"याचं हँडल कुठं ठेवलंस?" त्यानं आल्या आल्याच विचारलं होतं.

"असेल इथंच कुठंतरी," म्हणत आईनं तांदळाच्या डब्याकडे पाठ केली होती. शेवटी त्यानं आपल्या गाडीतला पाना काढला.

बाबा बाहेर घडीच्या खुर्चीत बसून देखरेख करत होते. सगळा जन्म लिफ्टच्या दुरुस्तीत गेलेला माणूस, दुसऱ्याच्या हातात पाना बघून त्यांना कसं राहवणार? "मिस्त्री, उचलू नका हं," ते मुलाला म्हणाले. "हा जॅक वजन उचलायला नसतो. नुसता टेकवा, आणि वर पाव फेरा. बस."

"बरं, बाबा."

पहिल्यांदा 'मिस्त्री' ऐकलं तेव्हा मुलाचा चेहरा एवढासा झाला होता. आता त्याला सवय झाली होती. बाबा माणसं विसरतात एवढं त्याला ठाऊक होतं. ते उठून चालू लागतात, हे ठाऊक नव्हतं. एका पहाटे दूधवाल्यानं त्यांना मोठ्या रस्त्यावरून हाताला धरून आणून सोडलं होतं, पायात एकच चप्पल. आईनं ते पोटात ठेवलं. कारण मुलाच्या मोबाईलमध्ये एका 'चांगल्या जागेचे' फोटो होते. स्वच्छ खोल्या, मोठी बाग, प्रत्येकाला एकेक पलंग. तिथं बाबांना भेटायला ती फक्त रविवारी जाऊ शकली असती.

तिनं आधी दाराला कडी लावली. बाबांनी ती चुटकीसरशी काढली. मग घंटा बांधली. तीही त्यांनी काढली, वर फडक्यानं पुसून ओट्यावर ठेवली. तेव्हा तिनं जॅकला हात घातला. तो सैल असला की बाबांनी दाराकडे एक पाऊल टाकताच घर डुलायचं, कप वाजायचे आणि तिला जाग यायची. करकर ऐकून बाबा दुरुस्तीला धावतील म्हणून तिनं स्क्रूला ग्रीसही फासलं होतं. त्यानंतर बाबा एकदाही आवाराच्या फाटकाबाहेर गेले नव्हते.

"आता चाल," खालून आवाज आला.

आई चालली. कप वाजले नाहीत. तिनं मुद्दाम पाय आपटला. कप ढिम्म.

"बघ! आता नाच हवं तर," म्हणत मुलगा बाबांना घेऊन आत आला. बाबा पलंगावर लवंडले. मुलगा हात धुवायला लागला. "पण गंमत सांगू? त्या स्क्रूला ताजं ग्रीस आहे. कुणीतरी मुद्दाम सैल करतंय तो. आजूबाजूची पोरं असतील."

"असतील," आई गॅसकडे तोंड करून म्हणाली. "चहा घेशील ना?"

ती कप घ्यायला वळली, तर पलंग रिकामा होता आणि दार सताड उघडं.

मुलगा धावला. फाटकाबाहेर ट्रकचा लांबलचक हॉर्न वाजला आणि आई गॅस बंद करून दाराशी आली. बऱ्याच वेळानं मुलगा बाबांना हाताला धरून घेऊन आला. "रस्त्याच्या अगदी कडेला," त्याला धाप लागली होती. "लिफ्टची वाट बघावी तसे उभे होते."

बाबा निमूटपणे पलंगावर जाऊन बसले.

"माझ्या पाठीमागून गेले, आई. हातभर अंतरावरून. आणि मला कळलंसुद्धा नाही."

मुलानं कपांकडे पाहिलं. मग दाराकडे. मग बराच वेळ तिच्याकडे. त्यानं खिशातून मोबाईल काढला तसा आईनं श्वास रोखला. त्यानं तो ओट्यावर ठेवून दिला आणि बाह्या वर सारल्या.

"हँडल दे," तो म्हणाला.

आईनं डबा उघडला, तांदळात हात घालून हँडल काढलं, झटकलं आणि त्याच्या हातात दिलं.

या वेळी काम लवकर झालं. मुलानं परत येताना पायरीवर पाय ठेवला आणि सगळे कप एकदम किणकिणले.

"अहो मिस्त्री," पलंगावरून बाबा म्हणाले, "अजून हलतंय हे."

"हलू द्या," मुलगा म्हणाला. त्यानं हँडल तांदळात खोलवर खुपसलं आणि वर झाकण लावलं.