नदीतला उजेड

“मी हात वर करणार नाही,” दामोदरअण्णा म्हणाले आणि कॉफीचा पेला त्यांनी खाली ठेवला.

मधुकरचं डोकं फिरलं. सलग तिसरा रविवार वाया जात होता. चामराजपेटेतल्या चित्ररसिक मंडळाला त्या वर्षी, म्हणजे एकसष्ट साली, दहा वर्षं पुरी होत होती. जुन्या चित्रपटांतला सर्वश्रेष्ठ कोणता, हे मंडळ त्यानिमित्त जाहीर करणार होतं. तो चित्रपट मोठ्या हॉलात सगळ्या गावाला दाखवायचा आणि त्याच्या दिग्दर्शकाला शाल घालायची, असं ठरलेलं. पण निवड एकमतानंच व्हावी असा नियम. समितीत माणसं चार. तिघांचे हात तयार होते आणि चौथे हे असे अडून बसलेले.

मधुकरचा जीव ‘कावेरीची सून’ या तीस वर्षांपूर्वीच्या मूकपटात अडकला होता. सहा महिने गोदामं पालथी घालून त्याची एकुलती एक प्रत त्यानंच शोधून काढली होती, कॅन्टोन्मेंटातल्या एका बंद थिएटरच्या अडगळीत. कचेरीत त्याला कुणी हिंग लावून विचारत नव्हतं. या एका शोधानं चार लोक आपल्याला ओळखतील, एवढीच त्याची आशा होती. आणि ती एका म्हाताऱ्याच्या हातावर येऊन थांबली होती.

“अण्णा, स्वल्प विचार करा,” अध्यक्ष भीमाचार्य मवाळपणे म्हणाले. “तुम्ही सुचवलेला तो पहारेकऱ्याचा बोलपट चांगला आहे. नाही कोण म्हणतो? पण या नदीच्या प्रसंगापुढं तो फिका पडतो. सून प्रवाहात सापडते, हात वर करते, काठाकडं बघते. तशी नजर मी दुसऱ्या कुठल्या नटीची पाहिली नाही.”

“आणि तो उजेड,” अनुसूया म्हणाली. ती कॉलेजात शिकवायची. “त्या काळी नदीवर दिवे कुठले आले? फळीला चंदेरी कागद चिकटवायचा आणि ऊन तोंडावर पाडायचं. ती वाहत जाते तसा उजेडही तिच्याबरोबर जातो. दीड मिनिट तिच्या चेहऱ्यावरून तो ढळत नाही.”

“आणि त्याच्या पुढचा सिनेमा?” अण्णा म्हणाले. “नदीनंतर तिचं तोंड एकदा तरी दिसतं का? नुसती पाठ, नाहीतर ओढलेला पदर. याला सर्वश्रेष्ठ म्हणायचं?”

“तेच तर मर्म आहे,” भीमाचार्यांचा चेहरा खुलला. “घर सुटलं, माणसं सुटली, म्हणून चेहराही दाखवला नाही. केवढी कल्पकता.”

“कल्पकता,” अण्णा म्हणाले आणि खिडकीबाहेर बघत राहिले.

मधुकरला एकदम काहीतरी आठवलं.

“अण्णा, मागच्या महिन्यात आपण तो लावला, तेव्हा तुम्ही आला नव्हतात.”

“नव्हतो.”

“मग पाहिलात कधी?”

“मी तो पाहिलेला नाही.”

मधुकरला मनातून आनंदाच्या उकळ्या फुटल्या. म्हणजे अनुसूयाअक्कानं कुठंतरी सांगितलेल्या गोष्टीवर हे गृहस्थ एवढा आव आणत होते. अण्णांच्या घरमालकीण रत्नाबाईंनी एकदा त्याच्या कानावर घातलं होतं, की अण्णा तरुणपणी एका फिल्म कंपनीत सामान उचलायला होते आणि मालकाशी भांडून बाहेर पडले. पुढं पोस्टात चिकटले. एकटा जीव, हातानं रांधून खाणार, कुणात मिसळणार नाही. ही सगळी पोटदुखी तिथलीच, हे मधुकरनं कधीच ठरवून टाकलं होतं.

“पुढच्या रविवारी पुन्हा लावू,” भीमाचार्य म्हणाले. “एकदा बघा, मग खुशाल नाही म्हणा.”

“मला बघायला लावू नका, आचार्य. आणि लोकांतही लावू नका. पहिला नंबर दुसऱ्या कशालाही द्या, मी दोन्ही हात वर करतो.”

हा माणूस असा अजिजीनं बोलताना मधुकरनं कधी ऐकला नव्हता. त्याला बरं वाटलं.

“कारण सांगा,” तो म्हणाला.

अण्णांनी नकारार्थी मान हलवली.

“मग तुमचं मत बाद. ज्यानं चित्रपट पाहिलाच नाही, त्याला मत कसलं? आपण कंपनीत टिकलो नाही म्हणून दुसऱ्याच्या कलेवर डूख धरू नये, अण्णा.”

“मधुकर,” भीमाचार्य दटावणीच्या सुरात म्हणाले. पण मत बाद करायला त्यांनी नाही म्हटलं नाही. अनुसूयेनं मान खाली घातली. मग तीन हात वर झाले आणि मधुकरनं वहीत वळणदार अक्षरात लिहिलं, निवड एकमतानं झाली.

“सरी, तसंच होऊ दे,” अण्णा म्हणाले. त्यांनी छत्री घेतली आणि ते दाराकडं गेले.

अनुसूयेला वाईट वाटत होतं. खोलीतला ताण कमी व्हावा म्हणून ती म्हणाली, “दिग्दर्शकाबरोबर त्या फळीवाल्यालाही शोधू या. हयात असला तर त्यालाही शाल घालू. किती जीव ओतून धरली असेल त्यानं.”

एक चप्पल पायात सरकवून अण्णा थांबले. त्यांनी मधुकरकडं पाहिलं. त्या बघण्यात राग नव्हता.

“त्याला शाल नको,” ते म्हणाले. “तोंडावरचा उजेड सोडलास तर याद राख, असं दिग्दर्शक ओरडत होता. मी सोडला नाही. मला वाटलं, बायको आज फार छान काम करतेय.”